मतदारयादी मिटते तेव्हा

निवडणूक म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर मतदानाच्या दिवसाचे चित्र उभे राहते. शाळेला सुट्टी, वर्गातील बाके सरकवून मांडलेली टेबले, उन्हात ताटकळणारी रांग आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या बोटावरची शाई. या दिवशी लोकशाहीचा निर्णय होतो, असे आपण म्हणतो. ते खरे आहे. परंतु अर्धेच खरे आहे. त्या निर्णयात भाग कोणी घ्यावयाचा, हे त्या दिवशी ठरत नाही. ते कित्येक दिवस आधी, कसलाही गाजावाजा न होता, मतदारयादी ज्या घटकेला बंद होते त्या घटकेलाच ठरून गेलेले असते.

प्रस्तुत लेखकाला ही गोष्ट अनुभवाने शिकावी लागली. काही वर्षांपूर्वी माझी बदली झाली व आम्ही नव्या गावी बिऱ्हाड केले. शिधापत्रिकेवरचा पत्ता बदलला, मुलांची नावे शाळेत घातली, वाण्याकडे खातेही उघडले. राहिली ती मतदारयादी. मतदानाच्या दिवशी सकाळी स्वच्छ कपडे करून आम्ही उभयता केंद्रावर गेलो. तेथील कर्मचाऱ्याने यादीवरून दोनदा बोट फिरवले आणि मान हलवली. माझ्या खिशात मतदार ओळखपत्र होते, परंतु यादीत नाव नव्हते. दोष त्या बिचाऱ्या कर्मचाऱ्याचा नव्हता. तो माझाच होता. शेजाऱ्यांच्या बोटावरची शाई पाहत परत येताना जे वाटले, ते विसरावयाचे नाही म्हणूनच आज हा विषय निवडला आहे.

यादी आधीच का बंद करावी लागते, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी जरूर विचारावा. त्याचे उत्तर असे. प्रत्येक अर्जदार खरोखरच त्या ठिकाणी राहतो काय, त्याचे वय पुरेसे आहे काय, त्याचे नाव अन्यत्र नोंदलेले आहे काय, हे तपासावयास वेळ लागतो. कोणाच्या नावाविषयी हरकत असल्यास ती ऐकून घ्यावी लागते. नंतर यादीच्या प्रती केंद्राकेंद्रांवर पोहोचवाव्या लागतात. मतदानाच्या दिवसापर्यंत नावे घेत राहिले, तर एकच मनुष्य दोन ठिकाणी मत देऊ शकेल आणि निकालावर कोणाचाच विश्वास उरणार नाही. मुदत ही अशा प्रकारे मताचे रक्षण करणारी भिंत आहे. परंतु भिंतीच्या बाहेर राहिलेल्यास ती तितकीच कठोर असते.

सार्वत्रिक निवडणुकीत एखाद्याचे नाव राहिले, तर पाच वर्षांनी का होईना, पुन्हा संधी येते. सार्वमताचे तसे नाही. सार्वमत म्हणजे उमेदवार न निवडता एखाद्या मोठ्या प्रश्नाचाच निकाल जनतेने थेट मत देऊन करावा, अशी पद्धत. असा कौल बहुधा पिढीतून एकदाच मागितला जातो. आपल्या राज्यघटनेत राष्ट्रीय सार्वमताची तरतूद नाही. तथापि आपल्या गोव्याने या जातीचा एक कौल पाहिला आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोवा, दमण व दीव येथील मतदारांना विचारण्यात आले की, गोव्याचे महाराष्ट्रात आणि दमण व दीवचे गुजरातेत विलीनीकरण व्हावे, की हा संघप्रदेश म्हणूनच राहावा? विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेशासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. १,७२,१९१ मते संघप्रदेशाच्या बाजूने आणि १,३८,१७० मते विलीनीकरणाच्या बाजूने पडली. अनेकांच्या घरी आजी-आजोबा आजही त्या दिवसांच्या गोष्टी सांगतात आणि एकाच घरात फूल व पाने दोन्ही नांदत असल्याचे हसून कबूल करतात. मुंबईत व अन्यत्र राहणाऱ्या गोमंतकीयांनाही मत असावे, अशी मागणी तेव्हा झाली होती. ती मान्य झाली नाही. म्हणजे यादीत कोण असावे, हा प्रश्न कौलाआधीच उभा राहिला होता.

हाच प्रश्न एका संपूर्ण राष्ट्रापुढे किती तीव्रतेने उभा राहू शकतो, याचे उदाहरण ब्रिटनने २०१६ साली जगाला दाखवले. ब्रिटनने युरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे, यावर २३ जून २०१६ रोजी सार्वमत घ्यावयाचे ठरले. तेथील नियमाप्रमाणे मतदानाच्या बारा कामकाजाच्या दिवसांआधी नावनोंदणी बंद होते. म्हणून ७ जूनची मध्यरात्र ही मुदत होती. तोपर्यंत तेथे नोंदणीची रीतही बदललेली होती. पूर्वी घरातील एकाने सर्वांची नावे एका कागदावर भरून पाठवली की काम भागत असे. विद्यापीठांच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांची नावेही एकत्रित जात. २०१४ पासून मात्र प्रत्येकाने आपले नाव स्वतः, आपली जन्मतारीख व राष्ट्रीय विमा क्रमांक देऊन नोंदवावे, असा नियम झाला. हेतू चांगला होता, गैरप्रकार टळावेत हा. परंतु वडीलमंडळींच्या भरवशावर राहिलेला तरुण आणि वारंवार भाड्याची घरे बदलणारा नोकरदार या दोघांना आता स्वतःच जागे व्हावे लागणार होते.

ते जागे झाले. पण केव्हा, तर शेवटच्या रात्री! ७ जून रोजी रात्री दूरचित्रवाणीवर पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन आणि बाहेर पडण्याच्या बाजूचे एक पुढारी नायजेल फराज यांना श्रोत्यांनी प्रश्न विचारण्याचा कार्यक्रम झाला. तो संपताच लोकांनी नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर एकच गर्दी केली, आणि रात्री सव्वादहाच्या सुमारास ते कोलमडले. त्या एका दिवसात सुमारे सव्वापाच लाख अर्ज आले होते. तरीही पडद्याकडे पाहत मध्यरात्र उलटून गेलेले लोक पुष्कळच राहिले. दुसऱ्या दिवशी संसदेत हा विषय निघाला. सरकारने तातडीने नवा नियम मांडला आणि मुदत ९ जूनच्या मध्यरात्रीपर्यंत वाढवण्यात आली. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलावेत काय, असा आक्षेपही काहींनी घेतला. वाढवून दिलेल्या त्या दोन दिवसांत आणखी चार लाखांहून अधिक अर्ज आले.

यातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आलेल्या अर्जांपैकी पुष्कळसे अर्ज असे होते की, ज्यांची नावे आधीपासून यादीत होतीच! आपले नाव आहे की नाही हे ठाऊक नसल्याने, आणि ते घरबसल्या पाहण्याची सोय तेथे नसल्याने, लोकांनी घाईने पुन्हा अर्ज केले. त्या प्रत्येक अर्जाची छाननी करता करता नोंदणी अधिकाऱ्यांची दमछाक झाली. म्हणजे शेवटच्या रात्रीची गर्दी आळशांचीच होती असे नव्हे. तीत न तपासणारेही होते.

त्या यादीत कोणाला स्थान होते, हेही आपल्या दृष्टीने मोठे मनोरंजक आहे. ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहणारे राष्ट्रकुलातील देशांचे नागरिक मत देण्यास पात्र होते, आणि भारत राष्ट्रकुलात आहे. म्हणून पुण्याहून, बेळगावहून वा बडोद्याहून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी लंडनला गेलेला अठरा वर्षांवरील भारतीय नागरिक मुदतीत नाव नोंदवून त्या सार्वमतात मत देऊ शकत होता. याउलट, इंग्लंडातील स्विंडन शहरात आपल्या गोव्याची अनेक कुटुंबे राहतात. त्यांतील पुष्कळजण पोर्तुगीज पारपत्रावर तेथे गेलेले. पोर्तुगीज राजवटीत गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगालचा कायदा नागरिकत्वाचा मार्ग खुला ठेवतो. परंतु ते घेतले की भारताचे नागरिकत्व राहत नाही. पोर्तुगालचे नागरिक म्हणून या मंडळींना स्थानिक निवडणुकीत मत होते, सार्वमतात नव्हते. ज्या निकालावर त्यांचे तेथील राहणे व कामधंदा सर्वाधिक अवलंबून, त्या निकालात त्यांना शब्द नाही. आणि त्याच गल्लीत राहणाऱ्या, भारतीय पारपत्र बाळगणाऱ्या शेजाऱ्याला मात्र तो आहे! एकाच गावची, एकाच बोलीत बोलणारी दोन माणसे यादीच्या दोन बाजूंना उभी राहिली. यात कोणाला शहाणे व कोणाला वेडे ठरवावयाचे नाही. मताचा हक्क आपण कोठे राहतो एवढ्यावर ठरत नसून कागदोपत्री आपण कोण आहोत यावर ठरतो, एवढेच यातून घ्यावयाचे.

निकाल सर्वश्रुत आहे. बाहेर पडण्याच्या बाजूने १,७४,१०,७४२ आणि राहण्याच्या बाजूने १,६१,४१,२४१ मते पडली. अंतर पावणेतेरा लाखांच्याही आत. यादीत नाव असूनही मत न देणाऱ्यांची संख्या मात्र सव्वा कोटीहून अधिक होती. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले. राहिलेल्यांनी मते दिली असती तर काय झाले असते, हे सांगण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु निकालावर नंतर हळहळणाऱ्यांत ज्यांनी नावच नोंदवले नव्हते त्यांची हळहळ व्यर्थ होती, हे निःशंक म्हणता येईल.

वेळीच जाग आली म्हणजे काय होते, याचे उदाहरणही त्याच देशात आहे. स्कॉटलंडने स्वतंत्र देश व्हावे काय, यावर १८ सप्टेंबर २०१४ रोजी सार्वमत झाले. त्या वेळी सोळा व सतरा वर्षांच्या मुलामुलींनाही मत देण्यात आले, आणि एक लाखाहून अधिक मुलांनी आपली नावे नोंदवली. दप्तर पाठीवर घेऊन ती मतदान केंद्रावर गेली. सन १९८९ मध्ये तेथे लागू झालेल्या एका माणशी कराच्या धास्तीने अनेकांनी आपली नावे यादीपासून दूर ठेवली होती. अशांपैकीही कितीतरी जण पंचवीस वर्षांनी यादीत परत आले. मतदान जवळजवळ ८५ टक्के झाले. कोणती बाजू जिंकली, यापेक्षाही जिंकलेल्यांना आणि हरलेल्यांना तो निकाल आपला वाटला, हे अधिक महत्त्वाचे.

यादीत नाव असणे म्हणजे काय, हे आपल्या देशाने आपल्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ साली अनुभवले. घरोघर फिरणाऱ्या नोंदणी कर्मचाऱ्यांना अनेक स्त्रियांनी आपले नाव सांगण्याचे नाकारले. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढेच सांगून त्या आत गेल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली. त्या कठोर निर्णयामुळे पुढील निवडणुकीपर्यंत देशभर स्वतःच्या नावाने नोंद करण्याचा प्रचार झाला. मतदारयादी ही अशा रीतीने कित्येक स्त्रियांना स्वतःचे नाव उच्चारावयास लावणारी पहिली वही ठरली.

आता आपल्यापुरते पाहू. १९८९ पासून आपल्याकडे मताचे वय एकवीसवरून अठरा झाले. पूर्वी वर्षातून एकच दिवस, १ जानेवारी, हा वय मोजण्याचा दिवस होता. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार दिवस आहेत, आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. नवीन नावासाठी नमुना क्रमांक ६, आणि पत्ता बदलला असल्यास वा नावात चूक असल्यास नमुना क्रमांक ८ भरावयाचा असतो. आपल्या केंद्राच्या अधिकाऱ्याकडे तो देता येतो, तसाच आयोगाच्या संकेतस्थळावरही भरता येतो. निवडणुकीत उमेदवारी अर्ज भरण्याचा अखेरचा दिवस उलटला की यादीत नवे नाव घेता येत नाही. आणि छाननीस लागणारा वेळ धरला तर त्याच्या पुष्कळच आधी अर्ज गेलेला बरा. ओळखपत्र जवळ आहे म्हणून निर्धास्त राहू नये. ओळखपत्र आपण कोण हे सांगते. मत आहे की नाही हे यादी सांगते.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यातील बहुतेकांना अद्याप मत नाही. परंतु घरातील कामे तुम्ही करू शकता. या सुट्टीत एका संध्याकाळी यादी उघडा आणि आजीचे, आईचे, वडिलांचे नाव शोधा. नुकतेच लग्न होऊन घरी आलेल्या वहिनीचे नाव माहेरच्या गावीच राहिले आहे काय, ते पाहा. गेल्या वर्षी स्वर्गवासी झालेल्या आजोबांचे नाव अजून तेथे असेल, तर तेही कळवा. यादी खरी असणे हेही नागरिकाचेच काम आहे. आणि अठरावे वर्ष जवळ आले की, वाढदिवसाच्या नव्या कपड्यांआधी आपला अर्ज भरा.

पंगत वाढून झाल्यावर पान मांडून मिळत नाही, असे आपली वडीलमाणसे म्हणतात. मतदानाच्या दिवसाची शाई बोटावर दिसते. पण ती मिळवावी लागते ती यादी मिटण्यापूर्वी, एखाद्या शांत, साध्या दिवशी.