घरचा पोहण्याचा तलाव व त्याची गाळणी

पोहण्याचा खाजगी तलाव ही एके काळीं संस्थानिकांच्या राजवाड्यांतच पाहावयास मिळणारी गोष्ट होती. आतां पुण्या-नाशकाकडील बंगल्यांतून व मळ्यांवरील घरांतूनहि ती दिसूं लागली आहे. परदेशीं राहणाऱ्या आपल्या मुलांच्या घरीं तर तिचें नवल उरलें नाहीं. परंतु तलाव बांधतांना फरशीचा रंग निवडण्यांत जितका वेळ जातो, त्याचा दशांशहि गाळणयंत्राच्या विचारांत जात नाहीं. मग दोन पावसाळे लोटले, पाणी गढुळलें, कीं यंत्रसामग्री सुधारण्याचा सल्ला मिळतो. हा सल्ला बहुधा ‘मोठा पंप बसवा’ अशा रूपानें येतो, आणि तेथेंच घोटाळा होतो.

पंप पाणी शुद्ध करीत नाहीं. तो तें केवळ हलवितो. शुद्ध करते ती गाळणी. घरगुती तलावाची गाळणी बहुधा वाळूची असते. बंद टाकींत सुमारें अर्ध्या मिलिमीटर दाण्याची वाळू भरलेली असते. वरून आलेलें पाणी तींतून झिरपून खालून निवळ निघतें. तें जितकें सावकाश जाईल, तितका मळ अधिक अडकतो. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद व सरासरी दीड मीटर खोल तलावांत ४८,००० लिटर पाणी मावतें. तें ८ तासांत एकदां गाळावयाचें म्हटलें, तर ताशीं ६,००० लिटर झालें. टाकीचा व्यास ५०० मिलिमीटर असल्यास वाळूचें क्षेत्रफळ सुमारें ०.२ चौरस मीटर भरतें, व पाण्याचा वेग ताशीं ३० मीटर येतो. हा वेग ठीक आहे. त्याच टाकीवर दुप्पट पाणी फेकणारा पंप चढविला, कीं वेग ६० होतो. मग अडकावयाची बारीक धूळ थरांतून ढकलली जाऊन पुन्हा तलावांत येते. उलट टाकीच ६०० मिलिमीटरची केली, तर जुन्याच प्रवाहाचा वेग २१ वर उतरतो.

माझ्या पुतण्यास एका विक्रेत्यानें पाऊण अश्वशक्तीच्या पंपाऐवजीं दोन अश्वशक्तीचा सुचविला होता. “काका, एवढा हिशेब पाहा,” म्हणून त्यानें कागद मजपुढें ठेविला. त्रैराशिक शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. पण येथें त्रैराशिक नव्हे, घन लागतो. पंपाची गति निम्मी केली, तर पाणी निम्में येतें, मात्र वीज सुमारें अष्टमांशच लागते. म्हणजे दुप्पट तास चालवूनहि खर्च चतुर्थांशाच्या आसपास राहतो; प्रत्यक्षांत थोडा अधिक. म्हणून गति बदलतां येणारा पंप घ्यावा. वाळू उलट्या प्रवाहानें धुतांना थर उचलण्यापुरता जोर वाढवितां येतो, ही आणखी सोय. अमेरिकेंत तर जुलै २०२१ पासून नव्या पंपांना कार्यक्षमतेचा नियम लागू झाला, आणि एकाच गतीचे मोठे पंप मागें पडले.

वाळू केव्हां धुवावी, हें दाबमापक सांगतो. स्वच्छ असतांनाचा आंकडा टिपून ठेवावा. त्याहून दर चौरस इंचास आठ-दहा पौंड दाब चढला, कीं धुवावी. वारंवार धुतल्यानें गाळणी अधिक चांगली चालते, हा समज खोटा. थोडा साचलेला मळच बारीक कण धरावयास मदत करतो. अगदीं सूक्ष्म माती मात्र वाळूंतून निसटते. तिला एकत्र आणून जड करावें लागतें, आणि हें आपल्याकडे जुनें ज्ञान आहे. निवळीच्या फळानें पाणी निवळतें, पण तिचें नांव घेऊन नव्हे, असें मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत आलें आहे. आज तुरटीची जातकुळी असलेलीं द्रव्यें तेंच काम करतात. रोगजंतु मारण्यास अर्थात् क्लोरिन लागतोच; गाळणी त्याची जागा घेत नाहीं.

आतां ज्या घरांत लहान मुलें आहेत, त्यांनीं पुढील गोष्ट पंप घेण्यापूर्वीं पाहावी. तलावाच्या तळाशीं पाणी ओढणारें तोंड असतें. पंप वाढला, कीं तेथील ओढ वाढते. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात व्हर्जिनिया ग्रॅमी ही २००२ मध्यें गरम पाण्याच्या कुंडांत अशा ओढीनें तळाशीं अडकून बुडाली. २००७ चा तेथील कायदा तिच्याच नांवाचा आहे. त्या कायद्याप्रमाणें बनलेल्या जाळीवर किती प्रवाह चालेल व ती किती वर्षें टिकेल, हें छापलेलें असतें. पंपाचा प्रवाह त्या आंकड्याहून कमी असला पाहिजे. तोंडें दोन असावींत, व त्यांत निदान तीन फुटांचें अंतर असावें. पुतण्याच्या तलावांत तोंड एकच होतें. पाऊण अश्वशक्तीचा पंप तसाच ठेवून त्यानें पहिला खर्च दुसऱ्या तोंडावर केला. मोठी टाकी पुढील उन्हाळ्यांत बसावयाची आहे.