चतुष्पादातील तिसरा पाद आणि आपली औषधालये

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. वैद्याच्या ज्ञानासाठी आपण परिषदा भरवितो, द्रव्याच्या शुद्धतेवर लेख लिहितो, रोग्याची प्रकृती बारकाईने पाहतो. काढा उकळणारा, पुड्या बांधणारा, अभ्यंग करणारा जो तिसरा पाद, त्याचा विचार मात्र बहुधा पगाराच्या दिवशीच होतो. कर्जत व खालापूर तालुक्यांतील परिस्थिती समोर ठेवून प्रस्तुत लेखात या पादाचा विचार करावयाचा आहे.

आचार्यांनी उपस्थात्याचे चार गुण मानले आहेत : उपचारज्ञता, दाक्ष्य, भर्त्याविषयी अनुराग आणि शौच. उपचारज्ञता, दाक्ष्य आणि शौच हे गुण शिकविता येतात, त्यांवर देखरेखही ठेवता येते. अनुराग मात्र हुकुमाने मिळत नाही. ‘भर्ता’ आणि ‘भृत्य’ हे दोन्ही शब्द ‘भृ’ या एकाच धातूपासून आले आहेत. भरणपोषण करणारा तो भर्ता, आणि ज्याचे भरणपोषण करावयाचे तो भृत्य. म्हणजे अनुरागाची अपेक्षा करण्यापूर्वी भर्त्याने आपले कर्तव्य केलेले असावे, हे त्या शब्दातच आले.

भीती आणि औषधाची शुद्धता

याच अध्यायात रोग्याच्या गुणांत अभीरुत्व आणि ज्ञापकत्व यांचा समावेश आहे. रोगी निर्भय असावा आणि आपल्याला काय होते ते त्याने सांगावे. रोगी घाबरून लक्षणे लपवू लागला, तर निदान चुकते हे आपण रोज अनुभवतो. आपल्या मदतनिसाच्या बाबतीत वेगळे काय आहे? चाळणीचे कापड फाटले, सातांपैकी एक भावना राहून गेली, सारख्या दिसणाऱ्या दोन चूर्णांच्या डब्यांची झाकणे बदलली गेली, अशा गोष्टी लहान निर्माणशाळेत एकट्या त्या मदतनिसालाच ठाऊक असतात. रागावणे, पगार कापणे किंवा चारचौघांत अपमान होणे यांच्या भीतीने तो गप्प बसला, तर ते औषध रुग्णाच्या पोटात जाते.

हार्वर्ड विद्यापीठातील एमी एडमंडसन यांचा रुग्णालयांतील औषधविषयक चुकांवरील अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. दोन रुग्णालयांतील आठ शुश्रूषा विभाग त्यांनी पाहिले. जेथे प्रमुखाची वागणूक चांगली, तेथे चुका कमी आढळतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात अशा विभागांत चुकांची नोंद अधिक आढळली. तेथील परिचारिका चुका मोकळेपणाने सांगत होत्या, आणि अन्यत्र त्या दडविल्या जात होत्या, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. सहृदय नेतृत्व हा म्हणून केवळ सौजन्याचा विषय नव्हे, तर औषधाच्या गुणवत्तेचा विषय आहे.

कायद्याची किमान पायरी

आयुर्वेदीय औषधनिर्मितीसाठी २००० साली लागू झालेल्या शेड्यूल ‘टी’मध्ये यंत्रे व जागा यांबरोबरच कामगारांचाही विचार आहे. नेमणुकीच्या वेळी आणि नंतर वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, प्रथमोपचाराची सोय, स्वच्छ गणवेश, स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे या गोष्टी त्यात आहेत. ही किमान पायरी झाली. तिच्यापुढे जाणारे मालकही आपल्या देशात होऊन गेले. खोपोलीला १९१५ साली जलविद्युत केंद्र सुरू करणाऱ्या टाटांनी जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ सालीच आठ तासांचा दिवस आणि १९२० साली भविष्य निर्वाह निधी सुरू केला. या निधीचा देशव्यापी कायदा १९५२ साली झाला.

आपला मुलूख, आपली माणसे

आपल्याकडे काम करणारी बरीच माणसे शेतकरी, ठाकूर व कातकरी कुटुंबांतील आहेत. आषाढात भातलावणी आली की ती कामावर येत नाहीत, आणि आपण त्यांना बेजबाबदार ठरवितो. वास्तविक या दिवसांत हवेतील ओलाव्यामुळे वनस्पती वाळविणे व चूर्णे करणे कठीणच असते. चैत्र-वैशाखात साठा करून लावणीची रजा आधीच पाळीपाळीने ठरविली, तर कोणाचेही नुकसान होत नाही. कर्जत-खोपोली मार्गावर दोन गाड्यांमधील अंतर मोठे असते. दवाखाना बंद करण्याची वेळ गाडी पाहून ठरविली, तर परिचारिकेला अंधारात फलाटावर ताटकळावे लागणार नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. आपल्याकडील कोणाचे घर डोंगराच्या पायथ्याशी आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? अतिवृष्टीचा इशारा असलेल्या दिवशी त्याला भरपगारी सुटी देणे हा भर्त्याच्या कर्तव्याचाच भाग होय.

गुळवेल, शतावरी, हिरडा गोळा करून आणणारी माणसे आपल्या हजेरीपटावर नसतात, तरीही औषधाचा आरंभ त्यांच्याच हातून होतो. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि त्या उचलीतच अडकतात. त्यांच्या मालाचे वजन त्यांच्यासमोर करावे आणि पैसे त्याच दिवशी हातावर ठेवावेत. शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेमार्फत वन धन योजनेखाली गुळवेलीचा व्यवसाय उभा केला. योग्य भाव आणि विश्वास मिळाल्यास ही माणसे काय करू शकतात, हे त्यावरून दिसते.

आपुलकी म्हणजे ढिलाई नव्हे

शौच, मात्रा आणि द्रव्याची ओळख यांत सवलत देता येणार नाही. चूक झालेली बॅच थांबवावी, मात्र ती सांगणाऱ्याचा पगार कापू नये, उलट सर्वांसमक्ष त्याचे आभार मानावेत. रोज काम सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे एकत्र बसून काल काय अडले ते विचारावे. चुकांची एक वही ठेवावी, तीत कोणाचेही नाव लिहू नये. त्या वहीत पहिली नोंद मालकाने स्वतःची करावी. बिब्ब्याच्या शोधनासारखे अंगावर फोड आणणारे काम नवीन माणसावर सोपवू नये. हाताला खोबरेल तेल कसे लावावे, हातमोजे कसे वापरावेत हे वैद्याने स्वतः करून दाखवावे. अभ्यंग-स्वेदनाच्या उष्ण खोलीत राबणाऱ्या परिचारकाला दोन रुग्णांमध्ये विश्रांती व पाणी मिळावे. आणि वेतन ठरल्या तारखेला द्यावे, कारण उशिरा मिळालेल्या पगाराची भरपाई गोड शब्दांनी होत नाही.

वैद्याने रुग्णाशी मैत्री व करुणेने वागावे, ही आपल्या शास्त्राची शिकवण आहे. ती तपासणीच्या खोलीतून बाहेर येऊन खल-बत्त्यापर्यंत आणि भट्टीपर्यंत पोहोचली पाहिजे. या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक औषधालयाने लावणीच्या रजेचे वेळापत्रक, चुकांची वही आणि कर्मचाऱ्यांच्या घरांची यादी या तीन गोष्टी तयार कराव्यात, अशी सर्व सभासदांना नम्र विनंती आहे.