तपासण्यांचा आकडा

सुरतेच्या पर्वत पाटिया, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून पोटासाठी गेलेली मराठी माणसे आता उतारवयाला लागली आहेत. प्रयोगशाळांच्या ‘पॅकेज’ची जाहिरात त्यांच्यापर्यंत पोचते ती आकड्यांच्या भाषेत : इतक्या रुपयांत इतक्या तपासण्या! यातली मेख सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. रक्ताच्या एका साध्या तपासणीतून हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट असे पंधरा-वीस आकडे निघतात. जाहिरातीत त्या प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी होते.

परंतु ज्याने उभी हयात यंत्रमागाच्या खडखडाटात काढली, त्याच्या कानांचे काय? रक्ताच्या कुपीत बहिरेपणा दिसत नाही, मोतीबिंदूही दिसत नाही. रक्तदाब, तीन महिन्यांची सरासरी साखर, क्रिएटिनिन, डोळे आणि कान एवढे पाहिले तरी पुष्कळ साधते. निरोगी माणसाने कर्करोगाचे ‘मार्कर’ तपासून घेणे ही बहुधा विकतची धास्ती होय.

आयुष्मान भारत योजना २०२४ च्या ऑक्टोबरात सत्तरीपुढील सर्वांना खुली झाली. तिचे कार्ड धुळे-जळगावचे असले तरी सुरतेतील संलग्न रुग्णालयांत चालते. मात्र ती दाखल रुग्णांसाठी आहे. असल्या पॅकेजचा खर्च तीतून मिळत नाही. रक्तदाब व साखर सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य पाहतात, आणि उमरवाड्याचे महापालिकेचे स्मीमेर रुग्णालयही फार लांब नाही. जाताना मागील वर्षीचे कागद तेवढे बरोबर न्यावेत. क्रिएटिनिन वाढले की स्थिर आहे, हे डॉक्टरांना त्यांवरूनच कळते. आणि ते कागद बहुधा गावच्या घरी ट्रंकेत पडून असतात.