बाटलीतली बिअर फसफसत का नाही?

घरी बनवलेल्या बिअरची बाटली उघडली आणि फस्स आवाजच आला नाही, की हात लगेच साखरेच्या डब्याकडे जातो. तो आधी आवरा. साखर कमी पडणं हे यामागचं एक कारण आहे खरं, पण नेहमीचं नाही. आणि नको तिथे घातलेली साखर बाटली फोडते.

(परवान्याशिवाय घरी बिअर बनवायला ब्रिटनमध्ये १९६३ पासून मुभा आहे, अमेरिकेत १९७८च्या केंद्रीय कायद्याने वाट मोकळी केली. महाराष्ट्रात ती नाही. त्यामुळे हा लेख तिकडच्या मराठी मंडळींसाठी.)

गॅस येतो कुठून ते आधी पाहू. आंबणी संपलेल्या बिअरमध्ये थोडा कार्बन डायऑक्साइड उरलेलाच असतो. २० अंश सेल्सिअसला तो साधारण ०.८५ व्हॉल्यूम भरतो, म्हणजे लिटरभर बिअरमध्ये ०.८५ लिटर वायू. अमेरिकी धाटणीच्या पेल एलला २.४च्या आसपास लागतो. ही तूट भरून काढायला बाटल्या भरताना साखर घालतात. लिटरमागे ४ ग्रॅम साध्या साखरेतून एक व्हॉल्यूम मिळतो. म्हणून १९ लिटरच्या बॅचला सुमारे ११५ ग्रॅम. बिअरमध्ये तरंगत राहिलेलं यीस्ट ती खातं, वायू सोडतं, आणि झाकण घट्ट असल्यामुळे तो बिअरमध्ये मुरतो. साखर, जिवंत यीस्ट, ऊब आणि घट्ट झाकण या चारांपैकी काय कमी पडलं, एवढंच शोधायचं असतं.

बहुतेक वेळा कमी पडते ती ऊब. हिवाळ्यात तळघरात १२-१३ अंशांवर ठेवलेल्या बाटल्यांत एलचं यीस्ट जवळजवळ झोपून जातं. बाटल्या घरातल्या उबदार कपाटात, २० ते २४ अंशांत आणा. तळाचा गाळ हलेल इतपत प्रत्येक बाटली हळूच गोल फिरवा आणि तीन आठवडे थांबा. अल्कोहोल ८ टक्क्यांच्या वर असेल तर दीड-दोन महिनेही लागतात. तपासायची बाटली दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवूनच उघडा, कारण वरच्या मोकळ्या जागेतला वायू थंड बिअरमध्येच नीट विरघळतो. ग्लासाला साबण किंवा तेलाचा अंश असेल तर फेस लगेच बसतो. तो दोष बिअरचा नव्हे.

एवढं करूनही बिअर सपाटच असेल तर एक घोट जिभेवर घोळवा. बाटल्या भरतानाच्या चवीपेक्षा ती गोडसर लागली तर साखर तशीच पडून आहे, यीस्ट थकलंय. कडक बिअरमध्ये किंवा महिनोन्‌महिने थंडीत मुरवलेल्या लागरमध्ये असं होतं. अशा वेळी लालमाँचं सीबीसी-१ यीस्ट वापरावं. ते माल्टोट्रायोज ही साखर खात नाही, त्यामुळे वायू भलताच वाढण्याचा धोका कमी. उकळून कोमट केलेल्या ६० मिलि पाण्यात २ ग्रॅम यीस्ट भिजवा, बाटलीमागे १ मिलि निर्जंतुक ड्रॉपरने सोडा आणि नवं झाकण लावा.

गोडवा नाही आणि वायूही नाही, तर आधी झाकणावर संशय घ्या. बाटली कोमट पाण्यात उलटी धरा. झाकणाच्या कडेने बुडबुड्यांची माळ निघाली की गळती सापडली. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या हातयंत्राने नीट बंद होत नाहीत, त्या वापरूच नका. काही बाटल्या फसफसतात आणि काही मुक्या, असं झालं असेल तर बाटल्या भरताना घातलेली साखर नीट मिसळली नव्हती.

साखर घालायची पाळी अगदी शेवटी. झाकण घट्ट, चव कोरडी, ऊब पुरेशी, आणि भरण्याआधी हायड्रोमीटरचा आकडा तीन दिवस हललेला नव्हता, याची खात्री हवी. तो २ अंशांनी जरी उतरायचा राहिला असेल तरी बाटलीत एक व्हॉल्यूम जास्तीचा तयार होतो. कोरडी साखर टाकू नका. दाण्यांभोवती वायू सुटून बिअर उसळते. ७५ ग्रॅम साखर उकळून १५० मिलि पाक करा. ३५५ मिलिच्या बाटलीत पावणेतीन मिलि म्हणजे एक व्हॉल्यूम. थोडा वायू आधीच असेल तर याच्या निम्मा पुरे. सगळ्या बाटल्या पुन्हा बादलीत ओतायचा मोह मात्र टाळा. हवा लागली की बिअरला भिजल्या पुठ्ठ्याची चव येते आणि ती परत जात नाही.

पुढच्या बॅचला थोडी बिअर सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरा. ती रोज दाबून पाहा. बोट रुतेनासं झालं की काचेच्या बाटल्याही तयार आहेत. त्यानंतर काचेची बाटली उघडताच बिअर उसळून बाहेर आली, तर डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड मोजे घालून उरलेल्या सगळ्या बाटल्या लगेच फ्रिजमध्ये ठेवा.