स्पीकरचा खर्ज कुठे गेला?

बंद पडलेल्या रेडिओतून काढलेला एखादा छोटा स्पीकर मिळाला, तर एक गंमत करून पाहा. बॅटरीवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरला तो शिक्षकांच्या मदतीने जोडा आणि नुसता हातात धरून गाणे ऐका. आवाज येईल, पण कसा? पातळ आणि किरकिरा. डग्गा तर ऐकूच येणार नाही. आता एका मोठ्या जाड पुठ्ठ्याला स्पीकरच्या शंकूएवढे गोल भोक पाडा आणि स्पीकर त्या भोकावर घट्ट दाबून धरा. डग्गा एकदम बोलू लागेल!

पुठ्ठ्याने काय केले? स्पीकरचा कागदी शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे पुढून आणि मागून निघणाऱ्या लहरी एकमेकींच्या नेमक्या उलट असतात. आवाजाचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. तेव्हा १०० हर्ट्झ वारंवारतेच्या खालच्या स्वराची तरंगलांबी ३.४ मीटर भरते. तिच्यापुढे दहा सेंटिमीटरचा स्पीकर तो केवढा! मागची लहर कडेवरून वळून लगेच पुढे येते आणि पुढच्या लहरीला खोडून टाकते. वरच्या स्वरांची तरंगलांबी काही सेंटिमीटरच असते, म्हणून ते या तडाख्यातून बरेचसे वाचतात. पुठ्ठा मागच्या लहरीची वाट अडवतो, आणि लाकडी पेटी तेच काम अधिक चोख करते.

म्हणून स्पीकरची पेटी ही कपाटासारखी नुसती शोभेची वस्तू नव्हे. एडगर व्हिल्चर या अमेरिकन संशोधकाने तर १९५४ साली पेटीत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगसारखे कामाला लावले आणि लहान पेटीतून भरदार खर्ज काढून दाखवला. अशा पेटीला फट पडली की ती स्प्रिंगच सैल होते. शाळेच्या अडगळीत पडलेली, कोपरा उडालेली, बूड फुगलेली पेटी दुरुस्त करायची असेल, तर चकाकीचा विचार शेवटी करा. आधी फटी आणि सैल सांधे. पुष्कळ जण नेमके उलट करतात आणि मग पेटी आरशासारखी चमकते, पण डग्ग्याबरोबर थरथरते.

प्रथम तपासणी. पेटीच्या प्रत्येक बाजूवर बोटाच्या पेराने टकटक करा. जेथे आवाज पोकळ किंवा खुळखुळा येतो, तेथे सांधा सुटला आहे किंवा वरचा पापुद्रा उचलला गेला आहे. मग खालच्या स्वराचे संगीत लावून सांध्याजवळून पेटती उदबत्ती सावकाश फिरवा, मात्र पुढच्या कापडापासून ती दूर ठेवा. धुराची सरळ रेघ जेथे स्वराबरोबर थरथरेल, तेथे फट आहे. काही पेट्यांना मुद्दाम एक गोल भोक किंवा नळी ठेवलेली असते. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते ना, तशीच ती पेटी खालच्या स्वरांना घुमते. ते भोक फट समजून बुजवू नका!

आता ॲम्प्लिफायरची वायर काढा, स्पीकर सोडवून बाजूला ठेवा आणि त्यावर कापड घाला. त्याच्या मागे जबर चुंबक असतो. लोखंडाचा बारीक कीस त्याने एकदा ओढून घेतला की निघता निघत नाही. सुटलेल्या सांध्यातला जुना डिंक खरवडून काढा, सुतारकामाचा पांढरा डिंक भरा आणि क्लॅम्पने आवळून चोवीस तास ठेवा. या डिंकातले पाणी लाकडात शोषले जाते आणि मागे राहिलेले बारीक कण एकमेकांना मिळून चिवट थर बनतो. घाई केली तर तो थर बनतच नाही.

फुगलेल्या बुडाची गोष्ट वेगळी. अशा पेट्या बहुधा पार्टिकल बोर्डाच्या असतात. लाकडाचे तुकडे राळेत मिसळून, तापवून, दाबून हा तक्ता करतात. लाकडातल्या सेल्युलोजला पाण्याची ओढ फार. पावसाळ्यात ओल लागली की दाबलेले तुकडे पाणी पिऊन पुन्हा आपल्या मूळ जाडीकडे जातात, राळेची पकड सुटते, आणि वाळल्यावरही तक्ता पूर्ववत बसत नाही. येथे पाणी असलेला डिंक वापरणे म्हणजे दुखण्यावर दुखणे! पेटी आठ-दहा दिवस सावलीत वाळवा. मग दोन नळ्यांतला एपॉक्सी कालवून भेगांत भरा, दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा कागद लावून फळ्यांमध्ये आवळा. हातमोजे विसरू नका. उडालेल्या कोपऱ्यातही एपॉक्सीत बारीक भुसा मिसळून लांबीसारखा भरता येतो.

वरचा शोभेच्या लाकडाचा पापुद्रा, म्हणजे विनियर, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्याला फुगा आला असेल तर लाकडाच्या रेषेच्या दिशेने ब्लेडने बारीक चीर द्या, आत डिंक सरकवा आणि वजन ठेवा. पॉलिशपेपर घासतानाही रेषेच्याच दिशेने घासा. आधी १८० नंबरचा, मग २४० चा. जोर केलात तर विनियर पार होऊन खालचा भुसा दिसू लागेल, आणि त्याला मग इलाज नाही.

शेवटी पॉलिश. चपडी लाख ही पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या बारीक किड्यांनी स्रवलेली राळ. रांचीजवळ नामकुमला १९२४ साली खास लाखेच्या संशोधनासाठी संस्था निघाली. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांतही लाखच असे, तेव्हा आवाजाशी तिचे नाते जुनेच आहे म्हणायचे! शंभर मिलिलिटर स्पिरिटमध्ये पंधरा ग्रॅम चपडी रात्रभर भिजवा, गाळा आणि कापडाच्या बोळ्याने पातळ हात द्या. एक हात वाळला की दुसरा, असे सहा-सात. हे स्पिरिट विषारी आणि ज्वालाग्राही असते, म्हणून हे काम शिक्षकांसमोर, मोकळ्या हवेत आणि विस्तवापासून दूरच करायचे.

सुतार भर पावसाळ्यात हे पॉलिश करायला नाखूश असतात, त्यालाही कारण आहे. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतली वाफ त्यावर बसते आणि लाखेवर पांढुरकी झाक येते. कोरड्या दिवसाची वाट पाहिलेली बरी.

स्पीकर पुन्हा बसवताना त्याच्या कडेखाली स्पंजची पट्टी द्या, म्हणजे तेथे फट राहणार नाही. जोडी असेल तर आणखी एक तपासणी. दीड व्होल्टचा सेल प्रत्येक पेटीला क्षणभरच लावा. सेलचे धन टोक पेटीच्या धन खुणेला. दोन्ही शंकू एकाच दिशेने हलले पाहिजेत. एक पुढे आणि दुसरा मागे गेला, तर आतल्या वायरी उलट जोडल्या गेल्या आहेत. तशाच ठेवल्यात, तर एका पेटीची लहर दुसरीच्या लहरीला खोडून टाकील आणि इतक्या मेहनतीने परत आणलेला खर्ज पुन्हा नाहीसा होईल.