एकच यंत्र, दोन नोकऱ्या

करमाडहून शेंद्रा एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालेले दोघे. दोघेही आयटीआय झालेले, यंत्रही एकच. पण एक परमनंट, दुसरा ठेकेदाराकडचा. यालाच श्रमबाजाराचे विभाजन (नोकऱ्यांचे वेगवेगळे कप्पे) म्हणतात. ठेकेदारीतला कामगार कौशल्यात कमी असतो, असा समज सर्रास आढळतो. तसे असेलच असे नाही. रेल्वेचा आरक्षित आणि जनरल डबा आठवा: गाडी एकच, पण मधला दरवाजा बंद. नुसत्या मेहनतीने तो उघडत नाही. पलीकडे जागा निघावी लागते. डोरिंजर आणि पायोरे या अर्थतज्ज्ञांनी १९७१ मध्ये अमेरिकेबद्दल हेच मांडले. जपान, स्पेनही अपवाद नाहीत. नोकरीचा दर्जा पगाराइतकाच रजा, विमा, पीएफ यांवरही ठरतो. ठेकेदाराकडे असाल, तर पगारचिठ्ठी मागून घ्या आणि पीएफ खात्यात भरणा होतो का, ते दरमहा पाहा.