समुपदेशनात उपदेश किती?

'समुपदेशन' हा शब्द आता मराठीत चांगलाच रुळला आहे; पण त्याच्या पोटात 'उपदेश' दडून बसला आहे. आणि उपदेशाची आपल्याकडे कधीच वानवा नसते!

गेल्या वर्षी वसतिगृहातील माझ्या खोलीतला मित्र एका विषयात नापास झाला. रात्री तो म्हणाला, "आता घरी तोंड कसं दाखवू?" मी लगेच म्हणालो, "अरे, एका विषयाचं काय घेऊन बसलास? पुढच्या परीक्षेत सुटेल." तो "हो" म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. त्यानंतर महिनाभर तो माझ्याशी कामापुरतेच बोलला. माझा सल्ला तर चुकीचा नव्हता. मग चुकले काय?

याचे उत्तर मला कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारांत सापडले. रॉचेस्टर येथे ते अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी काम करीत असत. एका मुलाच्या आईला तिचे काय चुकते हे त्यांनी परोपरीने समजावले. पण उपयोग होईना. अखेर दोघांनी हा प्रयत्न सोडून द्यायचे ठरविले. निघताना दारातून मागे वळून त्या बाईने विचारले, इथे मोठ्या माणसांचेही ऐकून घेतात का? मग ती पुन्हा बसली आणि आपल्या संसाराची व्यथा सांगू लागली. रॉजर्स फक्त ऐकत राहिले, आणि खरा उपचार तेव्हा सुरू झाला. कुठे दुखते, कोणत्या दिशेने जायचे, हे ज्याचे त्यालाच कळते, हा धडा त्यांनी त्यातून घेतला. त्यातूनच पुढे व्यक्तिकेंद्रित उपचारपद्धती आकाराला आली.

१९५७ मधील एका गाजलेल्या लेखात रॉजर्सनी अशा उपचाराच्या अटी मांडल्या. त्यांतील तीन उपचारकाच्या वृत्तीविषयी आहेत. पहिली सच्चेपणा : मुखवटा न घालता समोर बसणे. दुसरी बिनशर्त स्वीकार : माणसाचे प्रत्येक कृत्य पटले नाही, तरी माणूस म्हणून त्याचा आदर न सोडणे. तिसरी समानुभूती. सहानुभूती काठावरून हळहळते. समानुभूती दुसऱ्याच्या जागी उभी राहून पाहते, मात्र आपण तो नव्हे हे भान सुटू देत नाही. नुसते "हं, हं" करणे म्हणजे ऐकणे नव्हे, हे यावरून ध्यानात येईल.

हा विचार रॉजर्सबरोबर संपला नाही. त्यांचे सहकारी युजीन जेंडलिन यांनी शरीरात जाणवणाऱ्या अस्फुट भावनेकडे लक्ष देण्याची पद्धत विकसित केली. मिलर आणि रोलनिक यांनी व्यसनाधीनांशी वाद न घालता, बदलाची इच्छा त्यांच्याच तोंडून बाहेर येईल अशी संवादाची रीत बसविली. पण नुसत्या या नात्यानेच सारे साधते काय? इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे नैराश्याच्या ५१० रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सहा महिन्यांनंतर ही पद्धत विचार-वर्तन उपचारपद्धतीच्या तोडीची ठरली. वर्षभरानंतर मात्र दुसरी थोडी सरस दिसली. तेव्हा हा वाद अजून मिटलेला नाही.

हे वाचल्यावर मी मित्राला म्हणालो, "त्या रात्री मी तुला बोलूच दिलं नाही." तो बराच वेळ गप्प राहिला. मीही गप्प राहिलो, आणि ते फार जड गेले. मग तो म्हणाला, "माझ्या फीसाठी बहिणीचं शिक्षण थांबवलंय रे." विषय सुटण्या-न सुटण्याचा हा प्रश्नच नव्हता! मी सल्ला दिला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून बहिणीला फोन केला.

आपण कोणी उपचारक नव्हे. मित्र जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलू लागला, तर त्याला एकटे न सोडता जाणकारांकडेच नेले पाहिजे. 'टेलिमानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांकही आहे. पण एरवी, मित्रहो, पुढच्या वेळी कुणी "तोंड कसं दाखवू?" असे विचारले, तर उत्तर देण्याची घाई करू नका. त्याचे वाक्य अजून पुरे व्हायचे असते.